आउटबोर्ड तापतं तेव्हा पाण्याची वाट खालून धरा

नारळी पौर्णिमा जवळ आली की वसईच्या गोखिवऱ्यातल्या आमच्या गाळ्यासमोर छोटे टेम्पो लागायला सुरुवात होते. कुणी पाचूबंदरहून येतं, कुणी नायगावहून, कुणी अर्नाळ्याहून. गाळ्याच्या दारातून खाडी दिसत नाही, दिसतो तो तुंगारेश्वराचा डोंगर. तरी त्या दिवसांत गाळ्यात खाऱ्या पाण्याचा आणि जुन्या ऑइलचा वास भरून राहतो. गोणपाटात गुंडाळलेलं होडीचं आउटबोर्ड मशीन खाली उतरतं आणि बरोबर आलेला नाखवा सांगतो, "तापतंय. हेड उघडून बघा."

हेड उघडायला मी सहसा तयार होत नाही. आधी मशीन स्टँडला लावतो, खाली बसतो आणि पंख्याच्या वर, दोन्ही बाजूंना जी जाळी असते तिथे बॅटरी मारतो. तापणाऱ्या दहा मशीनांपैकी बहुतेकांचं दुखणं मला या जाळीपासून इंपेलरपर्यंतच्या हातभर अंतरात सापडलेलं आहे. हेड उघडलं की गॅस्केट नवीन घ्यावी लागते. खारं पाणी खाल्लेले बोल्ट मुंडी तुटून आत राहतात, ते काढायला ड्रिल लावावं लागतं आणि दोनशे रुपयांचं काम काही हजारांवर जातं. म्हणून या लेखात सगळं खालून वर जाणार आहे, पाणी जातं त्याच वाटेनं.

ती वाट आधी नीट समजून घ्या. मोटारगाडीला रेडिएटर असतो आणि त्यातलं पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. आउटबोर्डला रेडिएटर नाही, अख्खी खाडीच त्याचा रेडिएटर. पाण्यात बुडालेल्या जाळीतून पाणी आत येतं. तिथून थोडं वर, उभ्या शाफ्टवर एक रबरी चक्र बसवलेलं असतं, तो इंपेलर. आपल्याकडे प्रॉपेलरला पंखा म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकाशी बोलताना मी इंपेलरला कधी पंखा म्हणत नाही, घोटाळा होतो. हा इंपेलर पाणी एका उभ्या नळीतून वर ढकलतो. वर ते सिलिंडरच्या भोवतालच्या पोकळ्यांतून फिरतं, थर्मोस्टॅटमधून बाहेर पडतं आणि धुराबरोबर खाली उतरून पंख्याच्या मधल्या भोकातून पुन्हा खाडीत जातं. यातलंच थोडं पाणी एका बारीक नळीनं बाजूला काढलेलं असतं. मशीनच्या मागून किंवा बाजूनं जी धार उडते, जिला आपण पिचकारी म्हणतो, ती हीच.

पिचकारी दिसते म्हणजे सगळं ठीक, असा समज सगळीकडे आहे आणि तो धोक्याचा आहे. बऱ्याच मशीनांत पिचकारीची नळी थर्मोस्टॅटच्या आधीच वेगळी निघते. त्यामुळे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तरी धार छान उडत राहते आणि आत सिलिंडर भाजत असतात. याच्या उलटही होतं. आत पाणी व्यवस्थित फिरत असतं, फक्त पिचकारीच्या तोंडात वाळूचा खडा अडकलेला असतो. धार तुम्हाला इंपेलर पाणी उचलतो आहे एवढं सांगते. ती थंड आहे, कोमट आहे की हाताला चटका देते, हे रोज बोट लावून बघायची सवय ठेवली तर ती आणखी पुष्कळ सांगते. निरोगी मशीनची धार कोमट असते.

पाण्यावर असताना

समजा तुम्ही पाणजूहून नायगावकडे निघालाय आणि मध्येच भोंगा सुरू झाला. मोठ्या फोर-स्ट्रोक मशीनांत भोंग्याबरोबर वेगही आपोआप कमी होतो, कारण मशीन स्वतःला वाचवत असतं. लहान मशीनांना पुष्कळदा भोंगा नसतोच. तिथे रंग जळल्याचा वास, हुडखालून निघणारी वाफ किंवा अचानक पडलेला जोर हीच सूचना. लगेच थ्रॉटल खाली आणा, न्यूट्रल करा आणि मागे वळून धार बघा. धार असेल तर एक-दोन मिनिटं तसंच मंद चालू ठेवा, आतली उष्णता पाणी घेऊन जाईल. धार नसेल तर त्या क्षणी बंद करा. "काठ दिसतोय, एवढं जाऊन घेऊ" हे वाक्य मी ज्या मशीनांबद्दल ऐकलंय, त्यांतल्या कित्येकांचे पिस्टन मी पुढे टेबलावर चिकटलेले पाहिलेत.

बंद केल्यावर पहिलं काम नांगर टाकण्याचं. वसईच्या खाडीत उधाणाच्या दिवसांत ओहोटीची ओढ किती असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. मशीनकडे बघताना मान खाली असते आणि बोट केव्हा पुलाच्या खांबाजवळ जाते ते कळत नाही. नांगर धरला याची खात्री करा, लाइफ जॅकेट घातलेलं असू द्या, मगच मशीन वर उचला. मदत लागलीच तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

मशीन उचलल्यावर जाळी बघा. आपल्या खाडीत तिथे प्लास्टिकची पिशवी सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. गणपतीनंतर आणि नवरात्रात निर्माल्यातली झेंडूची फुलं, त्यांचा दोरा, तिवरांची पानं आणि जाळ्याचे तुटके धागे अडकतात. पंख्याभोवती दोर गुंडाळला गेला असेल तर तोही काढा. त्याचा भार मशीनवर येतो आणि पाणी नीट चालू असूनही ते तापतं. हात घालण्यापूर्वी सुरक्षेची लाल दोरीची किल्ली काढून खिशात ठेवा. मग मशीन खाली सोडा, चालू करा. अर्ध्या मिनिटात धार आली तर मंद गतीनं घरी जा. नाही आली तर पुन्हा बंद करा आणि वल्हं घ्या. एक गोष्ट मात्र कधी करू नका, तापलेल्या हेडवर बादलीनं खाडीचं पाणी मारू नका. गरम अ‍ॅल्युमिनियमवर एकदम थंड पाणी पडलं की हेड वाकतं किंवा तडकतं.

उथळ पाण्यातल्या चुका वेगळ्या. ओहोटीला भाटीवर बोट घासत नेली की मशीन पाण्याबरोबर चिखल पितं. चिखल बारीक असतो, जाळीतून सहज आत जातो, इंपेलरच्या पात्या घासतो आणि पुढे सिलिंडरच्या तळाशी बसतो. पाणी कमी असेल तिथे मशीन थोडं उचलून, अगदी मंद गतीनं चालवा, पण जाळी पाण्याखाली राहिली पाहिजे. मशीन खूप उचललं किंवा मागच्या फळीवर फार उंच बसवलं तर जाळीत हवा शिरते. जुन्या लाकडी होडीवर नवीन मशीन चढवताना ही गडबड हमखास होते, कारण होडीची मागची फळी उंच असते आणि मशीन आखूड शाफ्टचं घेतलेलं असतं. साधा हिशेब असा की पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळापासून साधारण एक इंच खाली असावी. मशीन फक्त लाटांत किंवा जोरात वळताना तापत असेल तर आधी ही उंची मोजा.

इथे पुरातल्या बोटींचाही विषय काढायला हवा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, मिठागरात अडकलेल्या लोकांपर्यंत बोटीनं जावं लागलं. पुराचं पाणी खाडीच्या पाण्यासारखं नसतं. त्यात गटाराचा गाळ, थर्माकोल, कपडे, वायरी, गवत असं सगळं असतं आणि खोली दर दहा फुटांवर बदलते. सोसायट्या, मंडळं, ग्रामपंचायती मदतीसाठी रबरी बोट आणि मशीन घेऊन ठेवतात, ते चांगलं आहे. पण अशा मशीनच्या माणसानं दर पाच मिनिटांनी धार बघायची, दर फेरीनंतर मशीन उचलून जाळी हातानं पुसायची. वर्षभर कोपऱ्यात पडलेलं मशीन पुराच्या दिवशी पहिल्यांदा चालू केलं तर बहुधा तेव्हाच दगा देतं. त्याचं कारण पुढे इंपेलरमध्ये येतं.

पिचकारीच्या भोकात कुंभारीण

धार येत नाही म्हणून मशीन गाळ्यात आलं की मी पहिल्यांदा पिचकारीच्या तोंडात तंगूस घालतो. जाड नायलॉनचा, हातभर लांब तुकडा. तार घालू नका, ती नळीची वळणं फोडते. पावसाळ्यात मशीन शेडमध्ये उभं असताना कुंभारीण माशी या भोकात मातीचं घर बांधते, आणि ती माती सुकून विटेसारखी होते. तंगूस फिरवून, मग उलट्या बाजूनं पाणी किंवा हवा मारून नळी मोकळी करा. एवढ्यावर काम झालं तर पैसे घेताना मला संकोच वाटतो. पावसाळ्यात मशीन ठेवताना या भोकाला कापडाची बारीक चिंधी लावा आणि तिचा लाल तुकडा बाहेर लोंबता ठेवा, म्हणजे चालू करताना विसरणार नाही.

इंपेलर

आता खऱ्या दुखण्याकडे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. लहान होड्यांची मशीनंही त्या काळात बहुतेक उभीच असतात. इंपेलर हा रबराचा आणि त्याच्या पात्या पंपाच्या भिंतीला टेकून वाकलेल्या. दोन महिने त्या तशाच वाकून राहिल्या की रबराला तोच आकार बसतो. ऑगस्टमध्ये मशीन चालू केल्यावर पात्या सरळ होतच नाहीत. त्यातून कुणी घरासमोर "सुरू होतंय का बघू" म्हणून पाण्याशिवाय दोरी ओढली असेल तर विचारूच नका. इंपेलरला पाणीच वंगणाचं काम करतं. कोरडा फिरला तर काही सेकंदांतच पात्यांची टोकं जळायला लागतात. म्हणून मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो की पाणी नसताना मशीन एक क्षणही चालवू नका, गिऱ्हाइकाला आवाज ऐकवण्यासाठीसुद्धा नाही.

झिजलेला इंपेलर ओळखायची एक खूण आहे. मंद गतीत इंपेलरच्या पात्या भिंतीला घासत पाणी ढकलतात, तेव्हा पाती आणि भिंत यांच्यात फट असेल तर पाणी चढत नाही. वेग वाढला की पात्या वाकतात आणि पाणी गिरकीच्या जोरानं फेकलं जातं. त्यामुळे मंद चालताना धार बारीक, रेस दिली की बरी, असं असेल तर इंपेलर गेला समजा. मंद असताना सगळं ठीक आणि पूर्ण वेगात अर्ध्या तासानं तापत असेल तर कुठे तरी वाट अरुंद झालीय. जाळीवर बसलेले कडक कवचाचे बार्नॅकल, नळीत अडकलेला रबराचा तुकडा, पोकळ्यांतला मिठाचा थर, यांपैकी काही तरी. हा फरक नाखव्यानं नीट सांगितला तर माझा निम्मा दिवस वाचतो. मशीन दुरुस्तीला देताना "तापतंय" एवढंच सांगू नका. केव्हा, किती वेळानं, कोणत्या वेगात, धार होती की नव्हती, हेही सांगा.

ज्यांचा हात पान्यावर बसलेला आहे त्यांना लहान मशीनचा इंपेलर घरी बदलता येतो. प्लगच्या टोप्या काढा, बॅटरी असेल तर तिचं ऋण टोक सोडवा. मशीन उभं ठेवा. खालचा भाग, म्हणजे गिअरकेस, चार ते सहा बोल्टांवर धरलेली असते. काही मॉडेलांत एक बोल्ट पंख्यावरच्या जस्ताच्या कल्ल्याखाली लपलेला असतो. तो न काढता पहारीनं उचकटणारे लोक गिअरकेसची कड फोडून आणतात. गिअरच्या दांडीचा जोड सोडवायचा, मग गिअरकेस सरळ खाली ओढायची. वर पंपाचं घर दिसेल. ते उघडण्यापूर्वी फोनवर फोटो काढा, पात्या कोणत्या बाजूला वाकल्यात ते त्यात दिसलं पाहिजे.

जुना इंपेलर हातात आला की पात्या मोजा. एखादी कमी असेल तर ती शोधल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका. तुटलेली पाती पाण्याबरोबर वर जाते आणि नळीच्या तोंडाशी किंवा थर्मोस्टॅटपाशी जाऊन बसते. नवीन इंपेलर बसवूनही पंधरा दिवसांनी पुन्हा तापणारी मशीनं मी पाहिलीत. प्रत्येक वेळी जुन्या पातीचे तुकडे आत निघाले. तुकडे टेबलावर मांडून पाती पूर्ण जुळते का ते बघा.

नुसता इंपेलर बदलणं हीसुद्धा चुकीची काटकसर आहे. त्याच्या खालची स्टीलची चकती आणि वरची वाटी यांना बोटानं चाचपा. वाळूनं पडलेले चर नखाला लागले तर त्याही बदला, नाहीतर नवीन रबर एका हंगामात जातं. किट घेताना शाफ्टमध्ये बसणारी छोटी चावी, गॅस्केट आणि ओ-रिंग सगळं घ्या. स्वस्त इंपेलरचं रबर कडक असतं. पात्या बोटांनी वाकवून सोडल्या की त्या झटकन सरळ व्हायला हव्यात.

बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा. वाटी खाली दाबताना शाफ्ट वरून बघता घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, म्हणजे पात्या योग्य बाजूला वाकतील. बहुतेक मशीनांना हीच दिशा लागते, तरी आपल्या काढलेल्या फोटोशी ताडून बघा. शाफ्टच्या दात्यांना बाजूनं मरीन ग्रीस लावा, डोक्यावर गोळा ठेवू नका. तो आत दाबला जातो आणि शाफ्ट पूर्ण बसत नाही.

आणि मग ती नळी. गिअरकेस वर चढवताना पाण्याची उभी नळी पंपाच्या रबरी बुचात नेमकी शिरली पाहिजे. वरून दिसत नाही, अंदाजानं बसवावी लागते. या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मशीनची नळी माझ्याकडून बुचाच्या बाजूला बसली. पिंपात धार आली, कारण पिंपात पाणी उंच होतं आणि गळती असूनही पुरेसं पाणी चढत होतं. मशीन पाण्यावर गेलं, पूर्ण वेगात अर्धा तास चाललं आणि वरचा सिलिंडर धरला. त्या माणसाचा मासेमारीचा महिना माझ्यामुळे गेला. खर्च मी भरून दिला, पण गेलेले दिवस मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून गिअरकेस चढवताना मी दुसऱ्या माणसाला बॅटरी धरायला लावतो, आणि नळी बुचात बसल्याचा हलका अडसर हाताला जाणवला नाही तर गिअरकेस पुन्हा उतरवतो.

थर्मोस्टॅट काढून फेकू नका

आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. मशीन तापलं की थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि "आता पाणी मोकळं फिरतंय" असं सांगायचं. नाखवा खूश होतो, कारण तापणं खरंच थांबतं. पण मशीन मग सतत थंडच चालतं. टू-स्ट्रोकमध्ये प्लग काळे पडतात, पेट्रोल जास्त जातं. फोर-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग झिजतात. थर्मोस्टॅट ही किमतीनं छोटी वस्तू आहे आणि तपासायला चहाचं पातेलं पुरतं. तंगुसाला बांधून तो पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर धरा आणि गॅस मंद ठेवा. बहुतेक आउटबोर्डचा थर्मोस्टॅट ५० ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान उघडू लागतो. नेमका आकडा पुष्कळदा त्याच्यावरच कोरलेला असतो. उघडला नाही किंवा मिठानं अर्धवट अडकला तर नवीन घ्या. घासून, तेल टाकून चालू केलेला थर्मोस्टॅट परत अडकतो.

मोटारगाडीत हाच आकडा ८० अंशांच्या वर असतो. आउटबोर्डचा एवढा खाली का, याचं उत्तर आपल्या मिठागरांत आहे. नायगाव-जूचंद्रच्या बाजूला मिठागरं पाहत वाढलेल्या माणसाला कळेल की समुद्राचं एक लिटर पाणी आटलं की मागे साधारण ३५ ग्रॅम क्षार उरतात. पाणी जितकं तापेल तितके चुन्यासारखे क्षार धातूवर लवकर बसतात. म्हणून खाऱ्या पाण्याचं मशीन कमी तापमानावर चालवायचं. पण मीठ बसण्याची मुख्य वेळ चालू असतानाची नव्हे. तुम्ही काठाला लागता, मशीन बंद करता, आत उरलेलं पाणी गरम धातूवर सुकतं आणि दर फेरीला मिठाचा एक पापुद्रा ठेवून जातं. अशा फेऱ्या साचत गेल्या की पोकळ्या अरुंद होतात.

यावर उपाय एकच, आणि तो दुरुस्तीच्या आधीचा. दर फेरीनंतर गोडं पाणी फिरवा. जाळीवर बसणारे रबरी कान बाजारात मिळतात, त्यांना नळाचा पाइप जोडायचा. नाहीतर प्लास्टिकचं मोठं पिंप घ्या. पाण्याची पातळी जाळीच्या आणि पंपाच्याही वर असावी. मशीन न्यूट्रलमध्ये, मंद, दहा मिनिटं चालवा. शक्यतो पंखा काढून ठेवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. बंद शेडमध्ये हे करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही. पिंपातलं पाणी धुरानं गरम होत जातं, म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. काही मशीनांना पाइप जोडायचं वेगळं तोंड असतं आणि तिथे मशीन बंद ठेवूनच पाणी सोडायचं असतं, तेव्हा आपल्या मशीनचं पुस्तक एकदा वाचा.

वसईत पाण्याची अडचण असते हे मला ठाऊक आहे. घरात टँकर येत असताना मशीनला पाणी कुठून आणायचं? ज्यांच्या वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, आहे त्यांना सोपं, वरचं स्वच्छ पाणी घ्या, तळाचा गाळ ढवळू नका. विहिरीचं पाणी आधी जिभेला लावून बघा. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि त्या पाण्यानं धुऊन फारसं काही साधत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरून उतरणारं पाणी पिंपात साठवा, मशीन धुवायला ते फार चांगलं.

आत मीठ बसलंच असेल तर पिंपातल्या गोड्या पाण्यात पांढरा व्हिनेगर मिसळून, थर्मोस्टॅट काढून, मशीन थोडं चालवायचं, काही तास तसंच ठेवायचं, पुन्हा चालवायचं आणि शेवटी भरपूर साध्या पाण्यानं धुवायचं. थर जाड असेल तर हे दोनदा करावं लागतं. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड मात्र कधीही घालू नका. ते मीठ काढतं तसंच अ‍ॅल्युमिनियमही खातं, आणि भिंत आतून किती पातळ झाली ते भोक पडल्यावरच कळतं.

भोंगा खोटा असेल तर

धार जोरदार आहे, कोमट आहे, थर्मोस्टॅट चांगला आहे, तरी भोंगा वाजतो. अशा वेळी तापमान मोजा. लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक आता स्वस्तात मिळते. ती हेडच्या रंगवलेल्या भागावर धरा. चकचकीत धातूवर धरली तर आकडा चुकीचा येतो, तिथे काळी टेप चिकटवून टेपवर मोजा. हेड ५० ते ७० अंशांच्या दरम्यान असेल आणि भोंगा वाजत असेल तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर घ्या. बहुतेक मशीनांत तापल्यावर सेन्सर वायर बॉडीला जोडतो आणि भोंगा वाजतो. वायरीचं आवरण खाऱ्या हवेनं फाटून ती बॉडीला टेकली तरी तेच होतं. सेन्सरची वायर सोडवा. तरी भोंगा चालूच राहिला तर वायरीचा माग काढा. पण काही मशीनांत हाच भोंगा ऑइल कमी झाल्याचंही सांगतो, म्हणून त्याआधी ऑइल बघा. भोंगा वैतागानं कायमचा कापून टाकलेली मशीनंही माझ्याकडे येतात, आणि त्यांची दुरुस्ती नेहमी महाग असते.

तापमान खरंच ९० च्या आसपास जात असेल आणि पाण्याची वाट खालपासून वरपर्यंत तपासून झाली असेल, तर पुढची पायरी कॉम्प्रेशन मोजण्याची. सगळ्या सिलिंडरांचा आकडा जवळजवळ सारखा असावा. एकाचा दहा टक्क्यांहून जास्त कमी असेल, किंवा प्लग काढल्यावर त्याच्यावर पाण्याचे थेंब दिसले, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. आता हेड उघडायचं, आणि ते मेकॅनिककडूनच. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोल-ऑइलचं प्रमाणही विचारात घ्या. ५० ला १ म्हणजे पाच लिटरला १०० मिली ऑइल. अंदाजानं ओतणाऱ्याचं मशीन ऑइल कमी पडूनही तापतं आणि तिथे पाण्याच्या वाटेत कितीही शोधलं तरी काही सापडत नाही.

दुरुस्तीनंतर मशीन थेट मासेमारीला नेऊ नका. आधी पिंपात दहा मिनिटं चालवा. मग भांगाच्या दिवशी, ओढ कमी असताना, काठाच्या नजरेत राहून अर्धा तास वेगवेगळ्या गतीनं फिरवा आणि दर काही मिनिटांनी धारेला बोट लावा. बोटीत एक इंपेलर किट, प्लगचा पाना, पक्कड, हातभर तंगूस आणि वल्हं कायम असू द्या. हुडच्या आतल्या बाजूला जाड मार्करनं इंपेलर बदलल्याची तारीख लिहा. कंपन्यांची पुस्तकं मॉडेलप्रमाणे वेगवेगळी मुदत देतात. आपल्या गढूळ खाडीत मी दर वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इंपेलर बदलतो, तेव्हा गाळ्यासमोर टेम्पोची रांग लागलेली नसते.